मुक्काम पोस्ट सेवाग्राम

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या विदर्भात समुद्राची आठवण निघते. सबंध उन्हाळा कूलरसमोर काढलेला माणूस मालवणला जातो, दीवला जातो, पुरीला जातो. ज्याला परवडतं तो अंदमानला. हल्ली नुसता समुद्रही पुरत नाही. हॉटेलला स्वतःचं काही ‘कॅरेक्टर’ हवं असतं. जुना वाडा, शिसवी पलंग, व्हरांड्यात वेताची आरामखुर्ची, आणि संध्याकाळी शेजारी येऊन घराण्याच्या गोष्टी सांगणारा मालक. अशा जागांचा मोह मलाही आहे. पण त्यांच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट जाणवते: जागेचा स्वभाव म्हणून तिथे जे विकलं जातं ते बहुतेक वेळा फर्निचर असतं.

वर्ध्याला ना समुद्र, ना शिसवी पलंग. मुंबईचा किनारा इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. शहर तसं तरुणच. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी 1866 साली इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं म्हणून वसवलेलं, कापसाच्या व्यापारावर वाढलेलं. बघायला यावं असं त्यात काही नव्हतं. तरीही 1934 पासूनच्या दहा-बारा वर्षांत या गावात ज्या तऱ्हेचे पाहुणे उतरले, त्या तऱ्हेचे पाहुणे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातही क्वचितच एकत्र आले असतील. त्यातले निम्मे श्रीमंत यजमानाच्या बंगल्यात राहिले आणि निम्मे मातीच्या झोपडीत. दोन्हींचा खर्च एकाच खिशातून होत होता, ही या गोष्टीतली गंमत.

तो खिसा जमनालाल बजाजांचा. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात 1889 साली जन्मलेला हा मुलगा वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आला आणि वर्धेकर झाला. गांधींना वर्ध्यात आणायचं हा त्यांचा जुना ध्यास. 1930 साली दांडीला निघताना गांधींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं जाहीर केलं, आणि म्हातारपणी माणूस बेघर झाला. जमनालालजींनी संधी साधली. 1934 च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा त्यांनी आपली बाग आणि त्यातलं घर त्याला देऊन टाकलं. मगनलाल गांधींच्या नावाने ती जागा मगनवाडी झाली. जे. सी. कुमारप्पा तिथे तेलघाण्या, हातकागद आणि मधमाश्या घेऊन बसले, आणि गांधी स्वयंपाकघरात शिरले.

मगनवाडीच्या पंक्तीला बसणं सोपं नव्हतं. गांधींचे आहाराचे प्रयोग जोरात होते. सोयाबीन, कच्चा भाजीपाला, चिंच, कडुनिंबाचा पाला असं काय काय पानात येई. वल्लभभाईंना यावर विनोद करायला कायम विषय मिळे. शेजारच्या सिंदी गावात लोक रस्त्यावरच शौचाला बसत; आश्रमाची मंडळी सकाळी बादल्या-फावडी घेऊन ती घाण उचलायला जात. पाहुणचाराची ही तऱ्हा बघून ज्यांना थोडं लांबून गांधी हवे होते, त्यांच्यासाठी गावातच दुसरी सोय होती.

ती बजाजवाडी. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका त्या काळात वारंवार वर्ध्यात होत, कारण गांधी वर्ध्यात होते. बैठकीला येणाऱ्यांचा उतारा बजाजवाडीत. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, कृपलानी, सगळे इथले राबत्याचे पाहुणे. राजेंद्रबाबूंचा दमा वर्ध्याच्या कोरड्या हवेत जरा शमे, म्हणून ते आठवडेच्या आठवडे राहत. खान अब्दुल गफारखान 1934 साली तुरुंगातून सुटले तेव्हा सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायला त्यांना बंदी होती. जमनालालजींनी त्यांना वर्ध्याला बोलावून घेतलं. त्यांची मुलगी इथल्या महिलाश्रमात शिकली. त्याच डिसेंबरात पोलीस आले आणि बादशहाखानांना याच गावातून पकडून घेऊन गेले. ज्याला स्वतःच्या प्रांतात जागा नाही त्याला हजार मैलांवर एक घर मिळालं होतं, तेही सरकारने चार महिने टिकू दिलं नाही.

या उताऱ्यावर देशाचे निर्णय होत. 1937 च्या जुलैत प्रांतांत मंत्रिपदं स्वीकारायची असं कार्यकारिणीने वर्ध्यात ठरवलं. बरोबर वर्षाने, 1938 च्या जुलैत, आमच्याच मध्य प्रांताचे मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना वर्ध्याच्या बैठकीनंतर घरी जावं लागलं. नागपुरातली जुनी माणसं त्यावर अजून वाद घालतात. सप्टेंबर 1939 मध्ये महायुद्धाविषयीचं निवेदन इथूनच निघालं. आणि 14 जुलै 1942 रोजी इंग्रजांनी भारत सोडावा हा ठराव कार्यकारिणीने इथेच मंजूर केला. ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर जे गाजलं त्याचा मसुदा वर्ध्याच्या पावसाळ्यातला. तेव्हा यजमान हयात नव्हते. जमनालालजी 11 फेब्रुवारी 1942 ला अचानक गेले. घर मात्र उघडं राहिलं.

आता सेवाग्राम. तेव्हाचं नाव सेगाव, जमनालालजींच्याच मालगुजारीतलं एक खेडं; काळी माती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, मलेरिया आणि साप. गांधींच्या शिष्या मीराबेन आधी तिथे जाऊन राहिल्या. 30 एप्रिल 1936 ला गांधी मगनवाडीतून पायी निघाले आणि सेगावला पोहोचले. राहण्यासाठी घर बांधायचं तर अट अशी: खर्च शंभर रुपयांच्या आत, सामान आसपासचं, हात गावातल्या गवंड्या-मजुरांचे. जूनच्या मध्यावर भर पावसात भिजत ते तिथे कायमचे राहायला आले. ते पहिलं घर म्हणजे आजचं आदिनिवास.

आदिनिवास बघताना लोक भिंतींवरून हात फिरवतात आणि पुढे जातात. जरा थांबून मोजमाप डोळ्यांत घ्यावं. एकच मोठी खोली आणि भोवती पडवी. त्या एका खोलीत गांधी, कस्तुरबा, प्यारेलाल, बादशहाखान आणि जो कोणी पाहुणा येईल तो, असे सगळे एकत्र राहत. एका कोपऱ्यात कोणी आजारी, दुसऱ्यात कोणी सूत कातणारा, तिसऱ्यात गांधींची पत्रं लिहिणं चालू. ही धर्मशाळाच होती, फरक एवढाच की तिच्या व्यवस्थापकाला भेटायला व्हाइसरॉयचे दूत येत. सरदार पटेल या गोतावळ्याला थट्टेने प्राणिसंग्रहालय म्हणत. गांधींचे सचिव महादेवभाई देसाई सुरुवातीला मगनवाडीतच राहत आणि रोज टपाल घेऊन चालत सेगावला येत, चालत परत जात. जाऊन-येऊन अकरा मैल, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा. कधी एका दिवसात दोन खेपा. गांधींच्या साधेपणाची किंमत कोण मोजत होतं हे बघायचं असेल तर महादेवभाईंच्या पायांकडे बघावं.

आणि जमनालालजींच्या वहीकडे. गांधींना गरिबीत ठेवायला फार खर्च येतो असा सरोजिनीबाईंचा टोमणा प्रसिद्ध आहे. तो विनोद म्हणून सांगितला जातो, पण हिशेब म्हणून तो अगदी बरोबर आहे. झोपडी शंभर रुपयांची. पण तिच्यापर्यंत येणारा रस्ता, तिच्या पाहुण्यांची स्टेशनवरची व्यवस्था, मोटार, टांगे, दूध, वर्ध्यातला उतारा, हे सारं जमनालालजींनी पदरचं घालून उभं केलेलं. मला यात ढोंग दिसत नाही. मात्र झोपडी एकटीच्या बळावर उभी होती असं जे शाळकरी मुलांना सांगितलं जातं, ते खरं नाही. बजाजवाडी होती म्हणून सेवाग्राम चाललं.

पाहुणे वाढले तशा झोपड्या वाढल्या. गांधींना गर्दीतून थोडी मोकळीक हवी म्हणून मीराबेनची कुटी त्यांना मिळाली, तीच बापूकुटी. बांबू आणि तट्ट्यांवर माती थापून केलेल्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. भिंतींवर मीराबेननी स्वतःच्या हाताने मातीत उठवलेली ताडाची झाडं, मोर आणि चरखा अजून तसे आहेत. छपराच्या वळचणीतून वारा येतो. दार इतकं ठेंगणं की आत जायचं तर वाकावं लागतं. बाहेर साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवला आहे: साप मारायचा नाही, पिंजऱ्यात घालून लांब सोडून यायचा. शेजारच्या कार्यालयात एक टेलिफोन आहे, व्हाइसरॉय लिनलिथगोच्या काळात सरकारनेच बसवून दिलेला. आपल्या सगळ्यांत मोठ्या विरोधकाशी बोलायला पाच मैलांची चिखलवाट आड येऊ नये एवढी काळजी सरकारला होती.

सेगावचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं, म्हणून 1940 साली गावाचं नाव सेवाग्राम झालं. विषय संपला.

पाहुण्यांत ब्रिटिश उमराव होते. लॉर्ड लोथियन, जो पुढे ब्रिटनचा अमेरिकेतला राजदूत झाला, 1938 च्या जानेवारीत येऊन इथल्या झोपडीत राहिला. डिसेंबर 1939 मध्ये स्टॅफर्ड क्रिप्स वर्ध्याला येऊन गेले. सुभाषबाबू 1940 च्या जूनमध्ये आले. गांधींची आणि त्यांची ती शेवटची भेट. पण सेवाग्रामच्या मुक्कामाचं चोख वर्णन कोणी केलं असेल तर ते लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराने, 1942 च्या जूनमध्ये.

जूनचा पहिला आठवडा म्हणजे काय ते वर्धेकराला सांगायला नको. रोहिणी संपत आलेल्या, मृगाचा पत्ता नाही, हवा कोंडलेली, आणि दुपारी बाराला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. फिशर रात्री वर्ध्याला उतरला, काँग्रेसच्या वसतिगृहाच्या गच्चीवर झोपला आणि सकाळी टांग्याने सेवाग्रामला निघाला. टांग्यात सोबत कोण, तर गांधींचे दंतवैद्य. सेवाग्रामला मातीची पाहुण्यांची झोपडी त्याच्या वाट्याला आली. देखभाल खुर्शेदबेन नवरोजींकडे, म्हणजे दादाभाई नवरोजींच्या नातीकडे. सकाळी गांधींबरोबर फिरायला जायचं, दुपारी तासभर मुलाखत, बाकी वेळ नोंदी टाइप करायच्या. पण टाइप करणार कसं? घामाने कागद भिजत. शेवटी या माणसाने एक पत्र्याचा टब मागून घेतला, त्यात पाणी भरलं, पाण्यात एक लाकडी खोकं ठेवलं आणि त्यावर बसला. टबाबाहेर दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर. अंग तापलं की वाटीने पाणी पाठीवर ओतून घ्यायचं आणि पुन्हा अक्षरं बडवायची. अशा रीतीने त्याला तासभर सलग काम करता येऊ लागलं. जगाला गांधींचं युद्धकालीन मन कळवणाऱ्या त्या नोंदी एका न्हाणीघराच्या टबात बसून लिहिल्या गेल्या.

जेवणाचं तर विचारूच नका. उकडलेल्या भाज्या, तिखट नाही, मसाला नाही. दोन दिवस फिशरने सहन केलं, तिसऱ्या दिवशी गांधींना सरळ सांगितलं की तुमची ही भाजी मला आवडत नाही. गांधी म्हणाले, भरपूर मीठ आणि लिंबू घाला. म्हणजे चव मारून टाकू का, असं फिशरने विचारलं. गांधींना ते हिंसक वाटलं असावं. चव वाढवा असं म्हणतोय मी, असा त्यांचा खुलासा. फिशरने मग त्यावरही अहिंसेचा विनोद केला आणि गांधी मनापासून हसले. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण यात पाहुणा भाजीला नाव ठेवू शकतो आणि यजमान भाजी बदलत नाही. दोघांचाही मान राहतो. आजच्या हॉटेलात गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं की मॅनेजर दोन पदार्थ फुकट पाठवतो, आणि कोणीच कोणाशी काही खरं बोललेलं नसतं.

फिशरची गोष्ट सांगायला गोड आहे. परचुरेशास्त्र्यांची तशी नाही. संस्कृतचे गाढे पंडित, गांधींबरोबर येरवड्याला तुरुंगात असलेले, आणि महारोगी. त्या काळी महारोग्याला घरचेसुद्धा घरात ठेवत नसत. 1939 च्या अखेरीला ते सेवाग्रामच्या दारात येऊन उभे राहिले. आश्रमात इतकी माणसं, बायका, मुलं. ठेवून घ्यायचं की नाही, याचा गांधींनी विचार केला आणि ठेवून घेतलं. आपल्या कुटीपासून जवळच त्यांच्यासाठी कुटी बांधली आणि रोज स्वतःच्या हाताने त्यांच्या जखमा धुणं, अंगाला मालिश करणं सुरू केलं. ते छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की शास्त्रीबुवांना तिथे कामही मिळालं: ते आश्रमात संस्कृत शिकवत, आणि आश्रमातल्या लग्नाचं पौरोहित्यही त्यांनी केलं. ज्याची सावली टाळायची त्याच्या हातून मंगलाष्टकं! पुढे ते वर्ध्याजवळच दत्तपूरच्या कुष्ठधामात गेले, जे मनोहरजी दिवाणांनी 1936 पासून चालवलं होतं. सेवाग्रामला आलेल्या पाहुण्यांची यादी करायची तर माझ्या मते लोथियन आणि क्रिप्स खाली, परचुरेशास्त्री वर.

गांधी 25 ऑगस्ट 1946 ला इथून दिल्लीला निघाले आणि परत आले नाहीत. शेवटी ते ज्या घरात होते त्याला आखिरी निवास म्हणतात. तेही मुळात जमनालालजींनी स्वतःसाठी बांधलेलं.

आता कोणी म्हणेल, हे सगळं झालं इतिहासाचं. आज तिथे राहता येतं का? येतं. आश्रमाच्या आवारात रुस्तम भवन आहे आणि रस्त्यापलीकडे यात्री निवास. सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठान दोन्ही बघतं. खोली साधी. टीव्ही नाही, रूम सर्व्हिस नाही. आपली चादर झटकायची, आपलं ताट घासायचं. जेवणात भाकरी, वरण, भाजी, कधी गूळ; गांधींच्या काळापेक्षा पुष्कळ बरं, मिठाला पैसे पडत नाहीत. रात्री नऊनंतर फारशी हालचाल नाही. वर्धा जिल्ह्यात बऱ्याच वर्षांपासून दारूबंदी आहे, त्यामुळे बारचा प्रश्न कागदावर तरी येत नाही. प्रत्यक्षात जिल्ह्यात काय मिळतं आणि कुठे मिळतं यावर दुसरा लेख लिहावा लागेल.

आश्रमाच्या चौकीवरच्या माणसाने माझी पिशवी बघून विचारलं, “राहाले आले का जी? का जाता पाहून?” राहायला आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. “मंग पाहाटे घंटा होते. उठून जाजा. नाही गेले तरी कोनी काही म्हनत नाही, पन जाजा.” इतका सौम्य आग्रह मी कुठल्याही रिसॉर्टमध्ये ऐकलेला नाही.

पहाटे पाचच्या आधी घंटा होते. प्रार्थना उघड्या मैदानात, वाळूवर बसून. सगळ्या धर्मांच्या प्रार्थनांमधले तुकडे एकामागोमाग येतात. म्हणणारे मोजकेच, काही आश्रमाचे जुने सेवक, काही माझ्यासारखे अर्धवट झोपेतले. गांधींनी 1936 साली लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळ जवळच आहेत. अंधारात झाडं आधी दिसतात, माणसं नंतर. समोरून मधूनच कस्तुरबा रुग्णालयाची रुग्णवाहिका जाते.

रुग्णालयाचा उल्लेख मुद्दाम केला. आज सेवाग्रामला रात्र काढणाऱ्यांत पर्यटक थोडे. खरी गर्दी रुग्णांच्या नातेवाइकांची. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडे आदिलाबाद, इथून माणसं येतात, डब्याची पिशवी, घोंगडी आणि कागदांची थैली घेऊन. 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांनी इथे वैद्यकीय महाविद्यालय काढलं, देशातलं खेड्यातलं पहिलं. तिथला एक रिवाज मला कुठल्याही हेरिटेज हॉटेलच्या रिवाजापेक्षा भारी वाटतो: पहिल्या वर्षाला आलेल्या मुलामुलींना आधी पंधरा दिवस आश्रमात राहावं लागतं. झाडणं, स्वयंपाकघरात मदत, सूतकताई, प्रार्थना. नीटचे गुण घेऊन आलेल्या, घरी ताटसुद्धा न उचललेल्या पोरांना आपला संडास आपण धुवायला लागतो. काही कुरकुरतात, बहुतेक ते निभावून नेतात, आणि डॉक्टर झाल्यावर वर्षांनुवर्षं त्याच पंधरा दिवसांविषयी बोलतात.

पाण्याकाठी राहायची हौस असेल तर वर्ध्याहून दहा किलोमीटरवर पवनार आहे. धाम नदीच्या उंच काठावर जमनालालजींचा एक बंगला होता. 1938 साली विनोबांची प्रकृती फार खालावली तेव्हा जमनालालजी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जायचा आग्रह करू लागले, नैनीताल, महाबळेश्वर अशी नावं निघाली. विनोबा म्हणाले, पवनारला जातो. मोटार धामच्या पुलावरून जात असताना सगळ्या कामाचा, सगळ्या चिंतांचा संन्यास त्यांनी मनोमन घेतला आणि बंगल्यात येऊन जमीन खणायला लागले. खणताना भरत-रामाच्या भेटीचं जुनं शिल्प सापडलं. ते तिथे आजही पूजेत आहे. प्रकृती सुधारली. 17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून ते याच गावातून उभे राहिले, आणि 1959 साली इथे बहिणींचं ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झालं. बहिणीच शेती करतात, बहिणीच निर्णय घेतात, सर्वानुमते. इथे राहायचं तर आधी विचारून, आणि त्यांच्या दिनक्रमाला धक्का न लावता. 15 नोव्हेंबरच्या, म्हणजे विनोबांच्या पुण्यतिथीच्या, सुमारास देशभरातले स्नेही जमतात. एरवी नदीतल्या काळ्या खडकांवर शाळांच्या सहली उड्या मारत असतात आणि वर सूत कातलं जात असतं.

सगळं छानच आहे असं मात्र मी लिहिणार नाही. गांधींच्या 150 व्या जयंतीच्या निमित्ताने सरकारने विकास आराखडा आणला. आश्रमाच्या आसपास मोठ्या इमारती, भव्य चरखा, भंगारातून उभारलेले गांधी-विनोबांचे अवाढव्य पुतळे आले. लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात, काढोत. पण शंभर रुपयांची अट घालणाऱ्या माणसाच्या अंगणासमोर हे सगळं सिमेंट बघून बांधकाम खात्याला विनोदबुद्धी आहे की नाही असा प्रश्न पडतो. वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करताना जुनी झाडं तोडायला घेतली तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले, तेही गांधींच्याच पद्धतीने. मला आराखड्यापेक्षा तो विरोध सेवाग्रामचा वाटतो.

दुसरा दोष आपला, येणाऱ्यांचा. बस थांबते, पंचेचाळीस मिनिटं मिळतात, बापूकुटी, तीन माकडं, टेलिफोन, फोटो, पुढे पवनार, मग नागपूर. विचारवंत इव्हान इलिच 1978 च्या जानेवारीत सेवाग्रामच्या एका परिषदेसाठी आला तेव्हा तो बापूकुटीत नुसता बसून राहिला, आणि मग भाषणात सोयी जितक्या वाढतात तितका माणूस त्यांचा मिंधा होतो अशा अर्थाचं बोलला. बसल्याशिवाय ते सुचलं नसतं. पंचेचाळीस मिनिटांत झोपडी फक्त जुनी दिसते. रात्र काढल्यावर कळतं की भर दुपारी तिच्या आत बाहेरच्यापेक्षा किती गार असतं, ठेंगण्या दाराने ऊन कसं अडतं, सारवलेल्या जमिनीवर पाय कसे शांत होतात. हे सगळं मीराबेननी आणि गावातल्या गवंड्यांनी विचार करून केलेलं आहे.

मीठ-लिंबाची चर्चा करणारा पाहुणा, चालत टपाल आणणारा सचिव, आणि दारात उभा राहिलेला महारोगी, अशा तिघांना एका छपराखाली ठेवणारी जागा मला तरी दुसरी माहीत नाही. समुद्रकाठच्या हॉटेलात पाहुण्याला काही करावं लागत नाही, त्याचे पैसे तो देतो. सेवाग्रामला पाहुण्याकडून काहीतरी मागितलं जातं. माझ्या लेखी जागेला स्वभाव येतो तो एवढ्यानेच.

येणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. एप्रिल-मेमध्ये यायचं तर फिशरचा टब सोबत आणा. मुंबई-हावडा मार्गावर वर्धा आणि सेवाग्राम अशी दोन स्टेशनं आहेत, दोन्हींवरून रिक्षा मिळते. खोलीची चौकशी आश्रमात आधी करा, 2 ऑक्टोबर आणि 30 जानेवारीच्या आसपास जागा मिळणं कठीण. एक रात्र नको, दोन रात्री राहा. परतताना वर्ध्याच्या गोरस भांडारातून गोरसपाक घ्या, आणि मगनवाडीतलं मगन संग्रहालय चुकवू नका; 1938 च्या डिसेंबरात गांधींनीच ते उघडलं आणि तिथल्या दुकानात हातमागाचं कापड आजही चांगलं मिळतं.